दोन पगार येतात, तरी वीस तारखेला हात रिकामा

पत्राचा आशय असा: लिहिणाऱ्या ताई सोलापूरच्या, वय ३६. एका खासगी शाळेत शिक्षिका आहेत, हातात पगार २४,००० रुपये. यजमान अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतात, त्यांना ४२,००० मिळतात. मुलगा सहावीत, मुलगी सीनियर केजीत, आणि सोबत सासूबाई. दोन वर्षांपूर्वी जुळे सोलापूर भागात फ्लॅट घेतला. २५ लाखांचं कर्ज, २० वर्षांची मुदत, हप्ता २२,५००. स्कूटर आणि मोबाइलचे हप्ते वेगळे. सव्वा वर्षापूर्वी क्रेडिट कार्ड घेतलं, त्यावर आज ४८,००० थकलेत आणि महिन्याला फक्त किमान रक्कम भरली जाते. वीस तारखेनंतर किराणाही कार्डावरच येतो. सासूबाई म्हणतात, "आम्ही एका पगारात चार लेकरं वाढवली. अंथरूण पाहून पाय पसरावेत." पोळ्या-भाकरीच्या मावशी बंद कराव्यात आणि बाहेरचं खाणं थांबवावं, असा त्यांचा आग्रह आहे. यजमानांच्या मनात मात्र चारचाकी आहे, तिचा हप्ता ९,८०० बसेल. ताई विचारतात, "मीच उधळी आहे का? माझा पगार मावशी, व्हॅन आणि ट्यूशनमध्येच जातो. मग नोकरी सोडून घरी बसले तर घर सावरेल का?"

ताई,

तुम्ही पत्रासोबत खर्चाची यादी पाठवलीत, हे फार बरं केलंत. अशा पत्रांमध्ये रडणं असतं, रागही असतो, आकडे मात्र क्वचितच असतात. तुमचे आकडे होते म्हणून मला बोलता येतंय, आणि सगळ्यात आधी हेच सांगते की तुम्ही उधळ्या नाही.

तुमची यादी मी दोन भागांत पुन्हा लिहून काढली. पहिल्या भागात, पगार जमा व्हायच्या आधीच ज्यांचा धनी ठरलेला असतो ते पैसे. घराचा हप्ता २२,५००, स्कूटर ३,६००, मोबाइल २,१००, भिशी ३,०००, कार्डाची किमान रक्कम २,४००. झाले ३३,६००. शाळेची दोघांची वर्षाची फी ९०,०००, म्हणजे महिना ७,५००, व्हॅन २,४०० आणि ट्यूशन २,०००. हे ११,९००. दोन्ही मिळून ४५,५००. तुमच्या ६६,००० मधून उरले २०,५००.

दुसऱ्या भागात रोजचं जगणं. किराणा-भाजी ८,५००, दूध २,४००, सासूबाईंची औषधं १,८००, पेट्रोल ३,०००, लाइट-गॅस-मोबाइल-मेंटेनन्स ४,५००, मावशी २,५००, बाहेरचं खाणं १,५००. बेरीज २४,२००. पाच माणसांच्या घराचा हा खर्च आहे, आणि यात मला कुठेही चैन दिसली नाही. महिन्याला तूट येते ३,७०० रुपयांची. आता ही तूट बारानं गुणा. ४४,४०० येतात. कार्डावरच्या ४८,००० च्या किती जवळ आहे बघा. म्हणजे ही थकबाकी कुठल्या एका हौसेच्या खरेदीची नाही. वर्षभर दर महिन्याला जे कमी पडलं, त्याची ती बेरीज आहे. तुम्ही कार्डाला दोष देताय, यजमान तुमच्या ऑर्डरींना, सासूबाई मावशींना. तूट मात्र पहिल्या भागात आहे, आणि त्याबद्दल घरात कुणीच बोलत नाही. कारण त्यातलं प्रत्येक काम 'चांगलं' होतं. घर चांगलं, शाळा चांगली, भिशी तर बचतच.

आता सासूबाईंचा हिशेब. मावशींचे २,५०० आणि बाहेरचे १,५०० मिळून ४,०००, तूट ३,७००. कागदावर तो चोख बसतो, हे मान्य करते. म्हणूनच तो फसवा आहे. तुमची सकाळ तुम्हीच लिहिली आहे. पावणेसातला घराबाहेर पडायचं, त्याआधी तीन डबे, मुलांची तयारी, सासूबाईंचा चहा-नाष्टा, आणि त्यात पाण्याचा दिवस असला की मोटर लावून टाकी भरणं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्या दिवसाची धावपळ वेगळी सांगायला नको. मावशी पावणेसहाला येऊन तास-दीड तासात पोळ्या आणि भाकरी उरकतात. त्या बंद केल्या तर महिन्याचे चाळीसेक तास तुमच्या अंगावर येतील. तुम्ही पहाटे सव्वाचारला उठाल, पहिला महिना निभावाल, दुसराही निभावाल. तिसऱ्या महिन्यात पेपर तपासण्याचा गठ्ठा आला की संध्याकाळी हात उचलणार नाही आणि आठवड्यातून तीनदा बाहेरून मागवलं जाईल. दोघं नोकरी करतात त्या घरात वेळ विकत घ्यावा लागतो, आणि मावशींचा पगार हा त्यातला सगळ्यात स्वस्त सौदा आहे. मावशी ठेवा. त्यांना सणाला साडी द्या आणि हा विषय घरात पुन्हा काढू नका.

बाहेरच्या खाण्याचं म्हणाल, तर थकलेल्या संध्याकाळीची सोय आपल्या गावानं केव्हाच करून ठेवली आहे. कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, शेंगाचटणीचा डबा भरलेला असतोच. दही, कांदा, जोडीला कालची आमटी. मुलं नाक मुरडतील, तर त्यांना भाकरी आमटीत चुरून द्या. यानं १,५०० चे ८०० झाले तर उत्तम, नाही झाले तरी आभाळ कोसळणार नाही. महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून बाहेर जेवणं मी कुणालाही बंद करायला सांगत नाही.

सासूबाईंचं 'एका पगारात चार लेकरं' हे वाक्य खरं आहे, आणि त्यामागचे त्यांचे कष्टही खरे आहेत. फक्त त्या पगारातून काय काय जात नव्हतं, तेही बघा. पेठेतलं वडिलोपार्जित घर, त्यावर हप्ता नाही. मुलं चालत महापालिकेच्या शाळेत. दुखणं-खुपणं आलं तर जावा-नणंदा घरातच. शिवाय त्या काळात सोलापुरातल्या कितीतरी बायकांनी घरात बसून विड्या वळल्या, शिलाई केली, शेंगा फोडल्या. त्या पैशांना पगार कुणी म्हटलं नाही एवढंच. सासूबाईंना एकदा निवांत विचारा की तेव्हा त्या काय करायच्या. कदाचित त्या घरातही दोन पगारच होते असं निघेल, आणि तुमच्या दोघींमधला ताणही जरा सैल होईल.

त्या पिढीनं आणखी एक गोष्ट पाहिली आहे. लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा ऐकून ज्या घरांचा दिवस सुरू व्हायचा, त्यांना मिल बंद पडेल असं वाटलं नव्हतं. आज टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचं काम ऑर्डरींवर चालतं. निर्यात मंदावली, सुताचे भाव चढले की शिफ्ट कमी होतात, पगार पुढे ढकलले जातात. यजमान हिशेबच बघतात, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. म्हणून ज्या घरात दोन पगार येतात त्यांना मी एक कसोटी लावायला सांगते. घराचा हप्ता, बाकीचे हप्ते, भिशी आणि मुलांची शाळा हे सगळं मोठ्या पगारात बसतं का? बसत असेल तर दुसऱ्या पगारावर घर चालतं, आणि एखादा पगार सहा महिने थांबला तरी माणूस तगून राहतो. तुमच्याकडे हे ४५,५०० आहेत आणि मोठा पगार ४२,०००. बँकेनं कर्ज देताना दोन्ही पगार पूर्ण धरले. ते तिच्या नियमात बसलं. तिच्या फॉर्मात दिवाळी नसते, आहेर नसतात, सासूबाईंचे गुडघे नसतात. ते धरायचं काम आपलं.

तेव्हा गाडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आत्ता नाही. ९,८०० धरले की पहिला भाग ५५,३०० वर जातो, आणि पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग हे त्याच्याही वर. पण हे यजमानांना हिशेबाचा कागद तोंडावर टाकून सांगू नका. तुम्ही सहज लिहून गेलात की पुण्याचे दीर गाडी घेऊन येतात आणि सासूबाई कौतुकानं खाली उतरून बघतात. ज्या माणसानं आईला स्वतःजवळ ठेवलं, तिची औषधं सांभाळली, त्याला ते कौतुक कुठेतरी टोचत असणार. त्यांना आधी विचारा, गाडी कशासाठी हवी? आईला दवाखान्यात न्यायला रिक्षा परवडते. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर या वर्षातून तीन-चार खेपा होतात, तेवढ्यापुरती भाड्याची गाडी करा आणि आईला पुढच्या सीटवर बसवून थाटात न्या. त्याचा वर्षाचा खर्च गाडीच्या दोन हप्त्यांतही भागेल. गाडी कधीच नको असं मी म्हणत नाही. कधी, तेही पुढे सांगते.

आता नोकरीचं. तुमच्या वाक्यातली एक गोष्ट मला खटकली. मावशी, व्हॅन, ट्यूशन हे सगळं 'माझ्या पगारातून' का वजा होतं? मुलं दोघांची आहेत, पोळ्या पाच जण खातात. यजमानांच्या पगारातून घर आणि तुमच्या पगारातून तुमच्या बाहेर जाण्याची भरपाई, अशी वाटणी मनात एकदा बसली की बाईची नोकरी नेहमी तोट्यातच दिसते. ही समजूत मी कितीतरी शिकलेल्या, कमावत्या बायकांच्या पत्रांत वाचते आणि दर वेळी वाईट वाटतं. खरा हिशेब असा: नोकरी सोडलीत तर मावशींचे २,५००, व्हॅनचे २,४०० आणि तुमच्या पेट्रोलचे बाराशे-एक, असे ६,१०० वाचतील. जातील २४,०००. आजची ३,७०० ची तूट २१,६०० होईल. कर्जाला तुम्ही सहकर्जदार आहात, त्यामुळे पगार थांबला तरी जबाबदारी थांबत नाही. शिवाय तुमचा पीएफ, अनुभवाची वर्षं, आणि चार वर्षांनी पुन्हा उभं राहताना लागणारी उमेद यांची किंमत वेगळीच. नोकरीचा कंटाळा आला असेल, तब्येत साथ देत नसेल, तर तो प्रश्न निराळा, त्यासाठी जरूर पुन्हा लिहा. पैसे वाचवायला म्हणून नोकरी सोडू नका.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर सुरुवात भिशीपासून केली असती. तुमची १५ जणींची भिशी आहे, उचल ४५,००० ची, आणि तुमचा नंबर मार्चमध्ये आहे. ज्यांचा नंबर पुढच्या महिन्यात आहे त्यांना विनंती करा, नंबर बदलून घ्या. ओळखीच्या शिक्षिकांची भिशी आहे, अडचण सांगितली तर बहुतेक जणी हो म्हणतील. लाज वाटेल हे मला समजतं. पण कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, त्यावर १८ टक्के जीएसटी. ४८,००० वर दर महिन्याला जवळपास २,००० नुसते असे जातात. तुम्ही भरता त्या २,४०० मधून मुद्दल फिटतं जेमतेम चारशे. वर थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवससुद्धा मिळत नाहीत, आज कार्डावर घेतलेल्या किराण्याला आजपासून व्याज. भिशीची उचल म्हणजे मैत्रिणींनी दिलेले बिनव्याजी पैसे. ते थेट कार्डात भरा, उरलेले तीन हजार दोन महिन्यांत संपवा. मग बँकेला सांगून कार्डाची मर्यादा १५,००० वर आणा. नंतर भिशीचे हप्ते मात्र शेवटपर्यंत वेळेवर, एकही दिवस न चुकवता. ज्या वाचकांकडे भिशी नाही त्यांनी बँकेचं सोनेतारण कर्ज काढून कार्ड बंद करावं, व्याज साधारण चौथ्या हिश्शावर येतं. बांगड्या तारण ठेवण्यात कमीपणा नाही. कार्डाचं व्याज भरत बसण्यात नुकसान आहे.

कार्ड फिटलं की २,४०० सुटले, तूट १,३०० वर आली. चार महिन्यांनी मोबाइलचा हप्ता संपतोय, तिथे तोंडमिळवणी होते. तोपर्यंतच्या चार महिन्यांसाठी धाकटीची ट्यूशन थांबवा. सीनियर केजीतल्या लेकराला ट्यूशन हवीच कशाला? ८०० रुपये वाचतील आणि तिला संध्याकाळी खेळायला मिळेल. उरलेले पाचशे तुम्ही कुठूनही काढाल, तेवढा भरवसा तुमची यादी बघून मला आहे. पुढच्या दिवाळीत स्कूटरचा हप्ता संपेल. त्या दिवशी ट्यूशन परत धरली तरी तुमचा पहिला भाग ३७,४०० असेल. यजमानांच्या पगारात बसेल आणि महिन्याला ४,४०० शिल्लक पडतील. नवा हप्ता मात्र मधे कुठलाही नको, 'नो कॉस्ट'वालाही नको. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं. ते पैसे किमतीत, प्रोसेसिंग फीमध्ये किंवा न मिळालेल्या सवलतीत असतात.

एक गोष्ट तुमच्या यादीत नाही, आणि ती बहुतेक घरांच्या यादीत नसते. दिवाळी, आहेर, जूनमधली वह्या-पुस्तकं आणि गणवेश, गाड्यांचा विमा, उन्हाळ्यात सोसायटीला मागवावे लागणारे टँकर. हे सगळं बहुधा यजमानांच्या बोनसमधून जात असेल. तसं असेल तर बोनस आला की ही नावं आणि त्यापुढे आकडे लिहूनच तो बाजूला टाका. शाळेच्या फीचंही तसंच. महिना ७,५०० हे आपण कागदावर धरतो, पण शाळा जूनमध्ये गठ्ठ्यानं मागते आणि तेव्हाच कार्ड बाहेर निघतं. पगाराच्या दिवशी ७,५०० एका वेगळ्या बचत खात्यात जाऊ द्या, आणि त्या खात्याला यूपीआय जोडू नका. फोन काढला की पैसे गेले, ही सोय फीच्या पैशांना नको.

४,४०० शिल्लक पडायला लागले की पहिला हक्क आरोग्य विम्याचा. तुम्हा दोघांचे पगार २१,००० च्या वर आहेत, म्हणजे ईएसआयचा, म्हणजे कामगार विमा योजनेचा, आधार नाही, आणि पत्रात विम्याचा उल्लेखही नाही. शाळेकडून किंवा कारखान्याकडून गटविमा आहे का, ते आधी विचारा. सासूबाईंसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं तयार ठेवा. यजमानांचा साधा टर्म इन्शुरन्स काढा, कर्जाएवढा तरी. तुमचाही काढा, कारण हप्ता दोघांच्या जिवावर चाललाय. मग तीन महिन्यांच्या घरखर्चाची गंगाजळी. ती बँकेत किंवा पोस्टात ठेवा. पतसंस्था एखादा टक्का जास्त देते म्हणून तिथे नको. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. पिग्मी एजंट रोज दारात येतो, माणूस ओळखीचा असतो, नाही म्हणवत नाही, हे मला ठाऊक आहे. छोटी रक्कम हवी तर ठेवा, अडीनडीचे पैसे ठेवू नका. हे सगळं मार्गी लागल्यावर पोस्टात गाडीचं आवर्ती खातं उघडा, यजमानांच्या नावानं. अर्धी किंमत जमली की चांगली वापरलेली गाडी घ्या, उरलेला हप्ता तेव्हा पेलेल.

मुलाला यात घ्या. सहावीतल्या मुलाला हप्ता म्हणजे काय ते नीट कळतं. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरला की होम मैदानावर पाळणे, मौत का कुआं, बटाटेवडे सगळंच त्याला हवं असणार. त्याच्या हातात ठरलेले पैसे द्या आणि कशावर खर्चायचे ते त्याला ठरवू द्या. संपले की संपले, मधे पडू नका. धाकटीसाठी काय राखून ठेवायचं, हेही त्यालाच बघू द्या.

आणि हे सगळं बोलायला एक रविवार ठरवा, महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला. टीव्ही बंद, दोघांचे फोन बाजूला, मधे एक कागद. त्यावर दोन्ही पगार एकाखाली एक लिहा, 'तुमचा' आणि 'माझा' असे वेगळे रकाने नकोत. सासूबाईंनाही बसवा. त्यांना वाटतंय की घर मावशींच्या अडीच हजारांनी बुडतंय. घराचा हप्ता २२,५०० आहे, हा आकडा त्यांना आजवर कुणी सांगितला आहे का, ते आधी यजमानांना विचारून घ्या.